वाकडे अंगण

'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण मराठी मुलाच्या कानावर इतक्या लहान वयात पडते की, तिच्याविषयी फेरविचार करण्याची गरज त्याला पुढे कधी भासतच नाही. आपली उणीव झाकण्यासाठी दुसऱ्या कशावर तरी ठपका ठेवणाऱ्या माणसाला ही म्हण हसते, आणि तसे हसणे योग्यच आहे. परंतु एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. ही म्हण नाचणाऱ्याने रचलेली नाही. ती अंगणाबाहेर बसून नाच पाहणाऱ्यांची आहे. मुकादम ती मजुराला ऐकवतो, वरिष्ठ कारकून कनिष्ठाला ऐकवतो, घरातील वडील माणसे नव्याने घरात आलेल्या सुनेला ऐकवतात. ऐकवणाऱ्यांपैकी एकाच्याही मनात असे येत नाही की, एकदा पाणसळ लावून अंगण खरोखर सपाट आहे की नाही, हे पाहावे.

अनुभव हा मोठा गुरू आहे, असे सगळेच म्हणतात. तसे असते तर प्रत्येक वृद्ध मनुष्य शहाणा झाला असता. तीस वर्षे एकाच कचेरीत काम करूनही काही माणसे पहिल्या वर्षी शिकलेलेच उराशी धरून निवृत्त होतात. त्यांच्या पदरी तीस वर्षांचा अनुभव नसतो, एका वर्षाचाच अनुभव तीस वेळा आलेला असतो. रोजच्या कामात जे बिघडते, अडते, हातून निसटते, त्याकडे पाहून 'दोष माणसात आहे की व्यवस्थेत?' हा प्रश्न जो विचारतो, त्यालाच अनुभव काही शिकवतो. नागपूर शहरात सुमारे दीडशे वर्षांपूर्वी हा प्रश्न एका कापड गिरणीत विचारला गेला. त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे.

ती गिरणी म्हणजे जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल. १८७४ मध्ये पंधरा लाख रुपयांच्या भांडवलावर कंपनी स्थापन झाली आणि १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीस राणी व्हिक्टोरिया हिला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, म्हणून गिरणीला ते नाव मिळाले. त्या काळी गिरणी काढायची तर मुंबईत, असा रिवाज होता. जमशेटजींनी तो मोडला. मुंबईहून आठशे किलोमीटर दूर असलेल्या नागपुरात त्यांना तीन गोष्टी जवळ दिसल्या : वऱ्हाड-नागपूर भागातील कापूस, वरोड्याच्या खाणीतील कोळसा आणि १८६७ पासून नागपूरपर्यंत येऊन पोहोचलेली आगगाडी. कापूस मुंबईला न्यायचा आणि त्याचे कापड करून पुन्हा याच भागात विकायला आणायचे, हा द्राविडी प्राणायाम त्यांना पटेना. जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आजच्या गांधीसागर तलावाजवळची जी जागा त्यांनी घेतली, ती सखल आणि दलदलीची होती. ती भरून काढण्यातच पुष्कळ पैसा गेला. नागपूरच्या एका सावकाराने भांडवल देण्यास नकार दिला, कारण त्याच्या दृष्टीने हा मनुष्य जमिनीत सोने पुरत होता. पुढे गिरणी भरभराटीस आल्यावर त्याच सावकाराने कबूल केले की, टाटांनी जमिनीत माती घातली आणि सोने बाहेर काढले. ही आख्यायिका टाटांच्या चरित्रांतून वारंवार सांगितली जाते. ती गोड आहे. पण त्या गिरणीपासून शिकण्यासारखे जे आहे, ते या आख्यायिकेत नाही. यशानंतर सगळेच शहाणे होतात.

शिकण्यासारखे आहे ते पहिल्या काही वर्षांत. सुमारे तीस हजार चात्या आणि ४५० माग घेऊन गिरणी चालू झाली खरी, परंतु काटकसरीपायी आणलेली यंत्रे हलक्या प्रतीची निघाली. सूत मनासारखे निघेना. त्यात नागपूरची हवा. मुंबईच्या दमट वाऱ्यात जो धागा ताठ राहतो, तो विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात कडकड तुटतो. धागा तुटला की चाती थांबते. चाती थांबली की कामगाराला बोल लागतो. कामगार अडाणी आहे, हाताने मागावर विणण्याची सवय असल्याने त्याला यंत्र कळत नाही, असे म्हणून मोकळे होणे अत्यंत सोपे होते. जमशेटजींनी आपल्याच खरेदीकडे बोट वळवले. स्वस्त यंत्र हे महाग पडते, हे मान्य करून त्यांनी हळूहळू चांगली यंत्रे आणली. पुढे हवेत ओलावा राखणारी साधने आणि आग लागल्यास आपोआप पाणी फवारणारी व्यवस्थाही गिरणीत बसवली. धागा तुटण्याचे थांबवायचे तर बोटांना शिक्षा करून भागत नाही, हवा बदलावी लागते. ही गोष्ट कळल्यावर साधी वाटते, कळेपर्यंत ती कोणाला सुचत नाही.

गिरणीचा कारभार पाहण्यासाठी त्यांनी निवडलेला माणूसही असाच लोकांच्या भुवया उंचावणारा होता. बेझनजी दादाभाई हे रेल्वेच्या माल खात्यातील अधिकारी. कापडाच्या धंद्याशी त्यांचा काडीचाही संबंध आलेला नव्हता. माणसे कशी सांभाळावी आणि अडचणीचा उलगडा कसा करावा, हे मात्र त्यांना ठाऊक होते. आणि जे ठाऊक नाही ते विचारण्याची त्यांना लाज नव्हती. यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी नावाच्या जाणकाराने सांभाळली. धंद्यात मुरलेला माणूस पुष्कळदा धंद्यातील दोषांतही मुरलेला असतो. नवख्या माणसाला तेच दोष चटकन खुपतात.

यानंतर हजेरीचा प्रश्न आला, आणि या साऱ्या हकीकतीचा गाभा तोच आहे. रोज शंभरातील वीस कामगार गैरहजर राहत. कोणत्याही मालकाचा संयम सुटावा, अशीच ही गोष्ट होती. दंड करा, कामावरून काढा, आळशी म्हणा. त्या काळातील गिरण्यांतून हाच उपाय सर्रास चाले. परंतु जो मनुष्य कालपर्यंत आपल्या घरच्या मागावर आपल्या सवडीने विणत होता, किंवा पाऊस पडताच पेरणीला आणि पीक तयार होताच कापणीला गावाकडे जात होता, त्याच्या आयुष्याची घडी गिरणीच्या भोंग्यावर कधीच बसलेली नव्हती. गिरणीत तो आला तो चार पैसे मिळवून परत जाण्यासाठी. तेथे राहावे, तेथेच म्हातारे व्हावे, असे तेथे त्याच्यासाठी काय होते? आजारी पडला, हात यंत्रात सापडला किंवा डोळे मंद झाले, तर गिरणीशी असलेला त्याचा संबंध त्याच दिवशी संपत होता. जी संस्था उद्याची हमी देत नाही, तिच्यासाठी मनुष्य आजचा दिवस का मोडील?

दंड वाढवण्याऐवजी जमशेटजींनी ही हमी वाढवली. १८८६ मध्ये गिरणीत निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला. १८९५ पासून अपघातात जखमी होणाऱ्या कामगाराला भरपाई मिळू लागली. नियमित येणाऱ्यांना बक्षिसे देण्याचे समारंभ होऊ लागले आणि त्या समारंभांना कुटुंबातील माणसेही येऊ लागली. कामगारांना होणाऱ्या अपघातांबद्दल भरपाई देण्याचा कायदा हिंदुस्थानात १९२३ मध्ये झाला आणि भविष्यनिर्वाह निधीचा कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये. याचा अर्थ असा की, नागपूरच्या एका गिरणीच्या हजेरीपटातून जो प्रश्न निघाला, त्याचे उत्तर साऱ्या देशाच्या कायद्यात उतरायला काही दशके लागली.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. या सुधारणा निव्वळ दयेपोटी झाल्या, असे मानणे भाबडेपणाचे होईल. हजेरी वाढली की सूत वाढते, आणि सूत वाढले की नफा वाढतो. शिवाय त्या काळी गिरणीतील दिवस फार लांब असे. कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घालणारा कायदाच मुळी १९११ मध्ये झाला. गिरणी म्हणजे काही आश्रम नव्हता. तरीही मालकाचा फायदा आणि कामगाराचे हित यांची सांगड घालता येते, हे ज्याला दिसले, त्याने कामगाराला शत्रू मानणाऱ्यापेक्षा निश्चितच अधिक पाहिले होते. हेतू शंभर टक्के शुद्ध असल्याशिवाय चांगल्या कृतीला चांगले म्हणायचे नाही, असा हट्ट धरला तर जगात फार थोडी चांगली कृत्ये उरतील.

ज्याला दोष देऊन उपयोग नसतो, त्याच्याकडून मनुष्य किती लवकर शिकतो, हे पाहायचे असेल तर नागपूरहून काटोल-नरखेडच्या संत्र्यांच्या बागांकडे जावे. बागाईतदाराला झाडावर रागावता येत नाही. झाडाला आळशी म्हणता येत नाही, त्याची हजेरी घेता येत नाही, त्याला दंड करता येत नाही. म्हणून बहर नीट आला नाही की तो निमूटपणे जमिनीकडे, पाण्याकडे आणि हवेकडे पाहू लागतो. अशा पाहण्यातूनच 'ताण' देण्याची रीत रुळली. बाराही महिने पाणी मिळत राहिले तर झाड कधी इकडे, कधी तिकडे तुरळक फुलते. काही आठवडे पाणी तोडले की त्याची वाढ थांबते, आणि मग पाणी सोडताच ते एकदम फुलून येते. हिवाळ्याच्या अखेरीस फुलणारा तो आंबिया बहर, पावसाच्या आरंभी फुलणारा तो मृग बहर. हलक्या जमिनीत ताण थोडे दिवस पुरतो, काळ्या भारी जमिनीत तो अधिक दिवस द्यावा लागतो. आणि प्रमाणाबाहेर दिला तर झाडच वाळते. भारी जमिनीत पाणी साचले की खोडाला डिंक्या लागतो, तेव्हा चर खणावे लागतात आणि खुंट कोणता घ्यावा, जंबेरीचा की रंगपूर लिंबाचा, याचाही विचार करावा लागतो. एकेका झाडासाठी मनुष्य इतका खोल विचार करतो, आणि हाताखालच्या माणसाच्या बाबतीत मात्र 'त्याला कामच नको' या तीन शब्दांत निकाल लावतो, हे नवल नव्हे काय?

परंतु अंगणाचा वाकडेपणा नेहमी दिसतोच, असेही नाही. त्यातच जन्मलेल्याला आणि वाढलेल्याला ते सपाटच वाटते. याचेही उदाहरण गिरण्यांतूनच मिळते, आणि ते अभिमान वाटावा असे नाही. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातील कांडी संपली की विणकर नवी कांडी घाली आणि धोट्याच्या छिद्रातून धाग्याचे टोक तोंडाने ओढून घेई. एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागे. या एका कारणावरून मुंबईच्या गिरण्यांतील साळखाते, म्हणजे विणकामाचा विभाग, अस्पृश्य मानलेल्या कामगारांना बंद होता. विणकामात मजुरी अधिक मिळे; तेथे त्यांना प्रवेश नसल्याने कमी मजुरीच्या खात्यांतच त्यांचे आयुष्य जाई. हजारो विणकर रोज शेकडो वेळा धागा ओढत होते. देखरेख करणारे ते पाहत होते. एकाचे रोग दुसऱ्याला जडावे, अशी ती रीत होती. आणि ती बदलणेही अशक्य नव्हते, कारण तोंड न लावता हातानेच धागा ओवता येईल असे धोटे जगात निघालेले होते. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने तर तोंडाने धागा ओढण्याचे धोटे १९११ मध्ये कायद्यानेच बंद केले होते. तरीही येथे 'धोटा बदला' असे म्हणण्याऐवजी 'माणूस दूर ठेवा' असेच वर्षानुवर्षे चालले. १९२८ च्या मुंबईतील मोठ्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय संपाच्या पुढाऱ्यांसमोर उघडपणे मांडला. मालकांशी झगडणाऱ्या कामगारांनाही आपल्याच शेजारच्या कामगारावरील हा अन्याय तोवर मागणी करण्याजोगा वाटला नव्हता. रोज दिसते ते दिसेनासे होते. आणि ज्याला त्याची झळ पोहोचते, त्यानेच ते बोलून दाखवावे लागते.

म्हणून कामाच्या ठिकाणी नव्याने आलेल्या माणसाचे आणि ज्याला त्रास होतो त्याचे म्हणणे आधी ऐकावे. 'येथे असेच चालते' हे वाक्य जेथे वारंवार कानी पडते, तेथे शिकणे बंद पडले आहे असे खुशाल समजावे. इंग्लंडातील लँकेशायरचे उदाहरण प्रसिद्धच आहे. सूत कातण्याचा सगळ्या जगाचा मान त्या प्रांताकडे होता. अमेरिकेत रिंग चातीचा शोध लागून ती हळूहळू सुधारत गेली, तरी लँकेशायरचे गिरणीवाले आपल्या जुन्या 'म्यूल' यंत्रालाच चिकटून राहिले, कारण त्यांचे कामगार त्यात वाकबगार होते आणि त्यांचा धंदा तेवढ्यावर उत्तम चालला होता. एम्प्रेस मिलमध्ये मात्र १८८३ च्या सुमारास रिंग चातीची यंत्रे केवळ प्रयोग म्हणून मागवली गेली. ब्रुक्सबींनी त्यांवर मेहनत घेतली, वेग वाढवून पाहिला आणि सूत तपासले. प्रयोग उतरला, तेव्हा जुनी यंत्रे काढून नवी बसवण्यात आली. ज्यांचे अंगण सर्वांत मोठे होते, त्यांना ते तपासावेसे वाटले नाही. नागपुरातील नवख्यांना वाटले.

आता कोणी चतुर विद्यार्थी म्हणेल की, असे असेल तर गणितात कमी गुण पडले, याचा दोष बाकाचा, दिव्याचा, शेजाऱ्याच्या रेडिओचा. येथेच म्हणीचा खरा अधिकार सुरू होतो. आपला पाय अडखळला असता आधी पायाकडे पाहावे आणि दुसऱ्याचा अडखळला असता आधी अंगणाकडे. मापे दोन आहेत आणि ती दोनच असावीत. बहुतेक माणसे नेमके याच्या उलट करतात. परीक्षेचा कागद परत मिळाला की मुलगा गुण पाहतो आणि कागद दप्तरात कोंबतो. चूक कोठे झाली, हातचा घेताना की पाढ्यात की उदाहरण वाचतानाच, हे त्या कागदावर स्पष्ट लिहिलेले असते. त्याने तेवढे पाहिले तरी पुढच्या परीक्षेत अर्धे काम होते. त्याच वेळी वर्गातील तीस मुलांची तीच एक चूक झाली असेल, तर तीसही मुले एकदम मंद झाली असे शिक्षकांनी मानू नये. धडा पुन्हा शिकवावा.

जमशेटजींनाही ही दोन मापे पुस्तकातून मिळालेली नव्हती. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि हिंदी कापसाचे चढलेले भाव कोसळले, तेव्हा ते लंडनमध्ये होते. घरच्या पेढीच्या हुंड्या कवडीमोल झाल्या होत्या. पंचविशीतील हा तरुण पळून न जाता सावकारांच्या सभेला सामोरा गेला आणि असेल तो हिशोब त्याने त्यांच्यापुढे ठेवला. त्याच्या सरळपणावर विश्वास ठेवून सावकारांनी देणी-घेणी मिटवण्याचे काम पगार ठरवून त्याच्यावरच सोपवले. बाजाराला दोष देणे त्या वेळी अगदी रास्त ठरले असते, कारण बाजार खरोखरच कोसळला होता.

१९०४ मध्ये जमशेटजी वारले. गिरणी पुढे अनेक दशके चालली. परंतु कापडाचा धंदा बदलत गेला, यंत्रमागांची स्पर्धा वाढली आणि मोठ्या गिरण्या ठिकठिकाणी आजारी पडू लागल्या. १९८६ मध्ये ती राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी कायमची बंद झाली. तिच्या जागेवर आता एक मोठे व्यापारी संकुल उभे आहे. भोंगा नाही, चात्या नाहीत, ओलावा राखणारी यंत्रे नाहीत. मात्र नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरी येथील एखाद्या कारखान्यात कायम नोकरी असलेल्या कामगाराचे पगारपत्रक पाहिले, तर त्यात भविष्यनिर्वाह निधीची एक ओळ आढळते. सकाळी आठ वाजता शहरातील मजुरांच्या ठिय्यावर डबा घेऊन काम मिळण्याची वाट पाहत उभ्या असलेल्या बांधकाम मजुराजवळ मात्र असे पत्रकच नसते. तो ज्या दिवशी येत नाही, त्या दिवशी तो का आला नाही, हे कोणी विचारत नाही.